बारावा गोऱ्हा

कोसमटोल्यात कोणालाही विचारा, मुखरूकडे ढोरं किती? माणूस आधी हसणार, मग म्हणणार, "त्यालेच विचारा ना." आणि मुखरूला विचारलं की तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, भलतीकडं पाहत म्हणणार, "हायेत चार-दोन." तीस वर्षं झाली, हे चार-दोन कधी वाढले नाहीत आणि कमीही झाले नाहीत.

आता याला मोजता येत नाही असं म्हणाल तर तसं मुळीच नाही. बांधीत, म्हणजे खाचरात, धानाचे भारे किती पडले ते कडेच्या धुऱ्यावर उभं राहून सांगेल, एकाचाही फरक निघायचा नाही. पण ढोरांची गोष्ट वेगळी. त्याच्या बापानं, दसरूनं, जन्मात एकदाच बाजारात एका पाहुण्यापुढं छाती फुगवून सांगितलं होतं, "माह्या कोठ्यात एकवीस ढोरं हायेत." त्याच पावसाळ्यात फऱ्या रोग आला आणि कोठा अर्धा रिकामा झाला. तेव्हापासून त्या घरात ढोरांचा आकडा तोंडातून काढायचा नाही. नजर लागते. संध्याकाळी कळप जंगलातून परतला की मुखरू कोठ्याच्या दाराशी उभा राहायचा आणि नावं घ्यायचा. बोडकी आली, कबरी आली, मोरी, लाली, चांदी, काजळी, शेवंती, हरनी, आणि सगळ्यांत शेवटी रमतगमत येणारी भुरी. एखादं नाव राहिलं की काठी घेऊन नाल्याकडं निघायचा. आकड्याची गरज काय? पशुगणनेवाले आले तेव्हाही त्यांनी चार-दोनच लिहून नेले. कानात पिवळे बिल्ले मारायला माणसं आली त्या दिवशी अर्धा कळप जंगलातच मुक्कामाला होता.

गायी काही दुधाच्या नव्हत्या. बुटक्या, पांढुरक्या, काटक. दूध वाटीभर, तेही वासराच्या तोंडचं. पण यांचे गोऱ्हे मोठे झाले की गुडघाभर चिखलाच्या बांधीत, जिथं ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतून बसतो, तिथं दिवसभर चिखलणी करायचे आणि संध्याकाळी मान हलवत घरी यायचे. मुखरूला त्यांचा फार अभिमान होता. तो कोणाजवळ बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून तो अभिमान त्याच्या पोटातच गुरगुरत असायचा.

आणि भांडण लावलं ते पोरानं. पियुष दोन वर्षं गडचांदूरला सिमेंटच्या गोण्या ट्रकमध्ये चढवत होता. दसऱ्याला आला तो एक जुनी मोटरसायकल आणि डोक्यात एक बेत घेऊन. दुधाची गाडी आता डांबरी रस्त्यापर्यंत येत होती. दोन जर्सी गायी घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं. त्यासाठी कोठा रिकामा पाहिजे, चारायला धानाचं तणस पाहिजे. म्हणजे जुन्या गायी बाजारात.

"बाबा, नऊ गायी पाळून राह्यलो आन् चहा काळा पेऊन राह्यलो," पियुष जेवताना म्हणाला.

मुखरूनं घास खाली ठेवला. "आकडा नोको काढू."

"मी आकड्याचं नाई, चहाचं बोलून राह्यलो."

"काळा चहा पोटाले चांगला असते."

रंभा, मुखरूची बायको, चुलीपाशी बसून हे रोज ऐकत होती. तिला नवऱ्याचंही पटायचं आणि पोराचंही, त्यामुळं तिचा राग दोघांवर सारखाच निघायचा. "दोघंबी जेवा आन् उठा," ती म्हणायची, "मले भांडी घासाची हायेत."

तशात गुरांच्या दवाखान्याच्या रीना मॅडम गावात आल्या. वयानं पियुषपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, मूळच्या नागभीडच्या, स्कूटीवर औषधाचा डबा बांधलेला. त्यांनी चावडीपाशी सांगितलं, आपल्या भागातले चांगले गावरान कळप निवडायचे आहेत, निवडलेल्या कळपाला एक जातिवंत वळू मिळेल. मात्र कळपाचं माप काढावं लागेल.

पियुषनं घरी येऊन पैज लावल्यासारखं सांगितलं, "मॅडमच्या मापात कळप बसला तर राहू द्या, मी जर्सीचं नाव काढत नाई. नाई बसला तर येत्या रविवारी समद्या बाजारात. कबूल?"

मुखरूला माप काय असतं ते ठाऊक नव्हतं. पण आपला कळप कोणत्याही मापात बसेल याची त्याला शंभर टक्के खात्री होती. "कबूल," तो म्हणाला आणि पुन्हा भात घेतला.

मंगळवारी संध्याकाळी मात्र त्याच्या मनात आलं, उद्या मॅडम येणार, कळपाकडं पाहणार, वासरांवरून नजर फिरवणार. बाई चांगली आहे, पण नजर ती नजर. त्यानं गुपचूप सगळी वासरं हाकलली आणि नाल्यापलीकडं त्याच्या साळ्याच्या, पोचूच्या वाडीत कोंडून आला. कोणाला सांगितलं नाही. आपण फार हुशारी केली असं वाटून तो त्या रात्री गाढ झोपला.

बुधवारी मॅडम आल्या, खाटेवर बसल्या, कागद काढला. गायी कोठ्यापुढं बांधलेल्या होत्या आणि एकजात हंबरत होत्या. आवाज एवढा की मॅडमना ओरडून बोलावं लागत होतं.

"भाऊ, दुधाची गाय बादलीवर मोजते. ही गाय वासरावर मोजाची. वळूसंगं गायी किती होत्या, त्यातल्या किती व्याल्या, आन् किती वासरं जगून धडधाकट झाली. तीन गायींमागं वर्षाले दोन वासरं उभी झाली, तर कळप चांगला. मी दोन वर्षांचं धरतो. तुमच्या नऊ गायी, म्हणजे दोन वर्षांत बारा वासरं पायजेत."

आकडे ऐकून मुखरूनं डोळेच मिटले.

"सांगा, या साली किती वासरं?"

"असतील चार-दोन."

"चार का दोन?"

"असतील ना, बाई. देवाच्या दयेनं बरं हाये."

"गेल्या साली?"

"तवाबी तसंच. चार-दोन."

पियुष खांबाला टेकून उभा होता. त्याला वासरं किती ते माहीत होतं, बाप कशापायी बोलत नाही तेही माहीत होतं. तो नखं पाहत राहिला. रंभा दारातून त्याच्याकडं टक लावून पाहत होती, पण त्यानं तिकडं पाहिलंच नाही.

मॅडमनी कागद बाजूला ठेवला, उठल्या, आणि गायींच्या मागून फिरल्या. सात गायींच्या कासा तटतटून फुगल्या होत्या. लालीच्या सडातून तर दूध थेंब थेंब मातीत पडत होतं. मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"भाऊ, यांच्या कासा मले समदं सांगून राह्यल्या. पण मी कासेवरून लिहू शकत नाई. या सालचं वासरू डोळ्यानं पाहीन, त्याले फीत लावीन, तवा लिहीन. आन् आकडा तुमच्या तोंडचा लिहीन, कारण कळप तुमचा हाये. शनिवारी येतो. तवाबी चार-दोन म्हणलं, तर मी दोन लिहीन आन् जाईन."

त्या गेल्या. पाठोपाठ हरनीनं दावं तोडलं आणि नाल्याकडं धूम ठोकली, आणि पलीकडून पोचूच्या वाडीचं कुंपण मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं वासरं शेपट्या उभारून गावच्या मधल्या रस्त्यानं धावत आली. पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. ज्यांना तीस वर्षं माहीत नव्हतं त्यांनाही आता माहीत झालं. मुखरू कपाळाला हात लावून कोठ्याच्या उंबऱ्यावर बसला.

"गावाले दिसलं," रंभा म्हणाली. "आता तुमी कोणापासून लपवून राह्यले?"

गुरुवार आणि शुक्रवार कापणीत गेले. भारी धान होतं, उशिरा पिकलेलं, आणि खालच्या बांधीत अजून पाणी मुरलेलं. तिघंही सकाळी विळे घेऊन वाकायचे ते उन्हं उतरेपर्यंत. कंबर धरायची, बोटांच्या पेरांत धानाची कुसळं रुतायची. गावातल्या वारलूचा भाड्याचा ट्रॅक्टर वरच्या रस्त्यावरच थांबला होता, कारण खाली उतरला तर उद्या त्याला काढायला दुसरा आणावा लागला असता. मुखरूची बैलजोडी मात्र बंडीला जुंपून चिखलातून भारे ओढत होती. पियुष मागून चाकाला खांदा लावत होता. त्याचे दोन्ही पाय पिंढऱ्यांपर्यंत चिखलात, घाम डोळ्यात. एकदा चाक अडलं, बैलांनी गुडघे टेकले, आणि बंडी वर निघाली. पियुष बैलाच्या पाठीवर थाप मारून गेला.

"तू काऊन मुका बसला होता रे त्या दिवशी?" रंभानं त्याला धुऱ्यावर भाकरी खाताना गाठलं.

"बाबांच्या तोंडचं लिहाचं होतं, माय. मी काय खोटं बोललो?"

"खोटं नाई बोलला. खरंबी नाई बोलला." तिनं मिरचीचा तुकडा मोडला. "बुढा ढोरांसाठी जीव टाकते. ढोरं गेली ना, तो जेवणार नाई. मंग तुह्या जर्सीचं दूध तूच पेत बस."

पियुष भाकरी चावत राहिला. त्याला ती भाकरी गोड लागली नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

इकडं मुखरू भारे बांधत होता आणि जन्मात जे केलं नाही ते करत होता. मनातल्या मनात मोजत होता. एक भारा, एक वासरू. या सालची सात. गेल्या सालची चार. अकरा. पुन्हा मोजलं, पुन्हा अकराच. मॅडमना बारा पाहिजेत.

आणि बारावा होता. इथंच तर गोम होती. मोरीचा गोऱ्हा, गेल्या सालचा, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आषाढात त्याला बिबट्यानं नेलं. मुखरूनंच तसं सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की मुखरूची बहीण बुधरी, विधवा, जंगलापलीकडच्या गावात एकटी राहते. ऐन धानाच्या रोवण्यात, लावणीच्या दिवसांत, तिचा बैल साप चावून मेला. मुखरूनं पहाटे गोऱ्हा सोडला आणि सात कोस चालत तिच्या दारात नेऊन बांधला, पुढं जुंपायला होईल म्हणून. हे घरी सांगायची सोय नव्हती, कारण रंजीताच्या, म्हणजे त्याच्या पोरीच्या लग्नात, लुगड्यावरून रंभाचं आणि बुधरीचं असं बिनसलं होतं की नणंदेचं नाव निघालं तरी रंभा भांडी आपटायची. मग बिबट्याचं नाव घेतलं. बिबट्या काही साक्ष द्यायला येत नाही.

पण रंभानं ते मनाला लावून घेतलं. वनखात्याकडं भरपाईचा अर्ज करा म्हणून ती महिनाभर मागं लागली होती. "कागद लय लागते व," असं म्हणून मुखरूनं वेळ मारून नेली. आता आकडा बोलायचा तर नजरेची भीती, आणि खरं बोलायचं तर रंभाची. यातली जास्त कोणाची, हे त्याला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

शनिवारी सकाळी मॅडम फीत घेऊन आल्या. या वेळी वासरं अंगणातच होती. मुखरूनं ती स्वतःच बांधून ठेवली होती.

"पियुष, तू वासरू धर," मॅडम म्हणाल्या.

पियुषनं बाह्या वर केल्या. सिमेंटच्या गोण्या उचलणारा गडी, पण गोणी लाथ मारत नाही. काजळीच्या कालवडीनं त्याच्या मांडीवर एक ठेवून दिली. शेवंतीच्या गोऱ्ह्यानं त्याला शेणातून फरपटत पार उकिरड्यापर्यंत नेलं. पानठेल्यावरची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती, ती खुशाल हसत होती. मॅडम प्रत्येकाच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती फीत गुंडाळायच्या, वाचायच्या, लिहायच्या.

"पोट काऊन नाई मोजत, बाई?" मुखरूनं विचारलं. "पोट चांगलं हाये त्याचं."

"पोटात आज काय खाल्लं ते राह्यते, भाऊ. छातीत जन्मापासून काय खाल्लं ते राह्यते." त्यांनी फितीवर छापलेलं वजन पाहिलं. "भाऊ, आईले दूध नाई म्हणता, आन् हा छप्पन्न किलोचा हाये. आई जेवढी लहान त्या मानानं लय चांगलं वजन हाये."

मुखरूची मान नकळत ताठ झाली. पियुषनंही शेणानं माखलेले हात झटकत त्या गोऱ्ह्याकडं नीट पाहिलं.

सात वासरं झाली. मग मॅडमनी गेल्या सालचं विचारलं. मुखरूनं आकडा काढला नाही, नावं घेतली. "कबरीची कालवड, ती उभी हाये कोठ्यात. लालीचा आन् चांदीचा गोऱ्हा, दोन्ही वारलूनं नेले, जोडी करून."

कुंपणाबाहेरून वारलू म्हणाला, "हाओ, आता नांगराले शिकवून राह्यलो."

"गेल्या सालचं दुसऱ्याच्या कोठ्यात असलं तरी चालते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गायीचं वासरू मोठं झालं, एवढंच पाहाचं. आणखी?"

"भुरीची कालवड रंजीताले देली, लग्नात."

मॅडमनी बोटं मोजली. "अकरा होतात, भाऊ. एक कमी पडते."

पियुष जिंकला होता. तो बापाकडं पाहायला तयार नव्हता. पायाखालची माती पाहत तो हळूच म्हणाला, "मॅडम, अकरा आन् बारात काय फरक हाये? लिहा ना बारा."

मॅडम काही बोलायच्या आत रंभाच पुढं आली. डोळ्याला पदर लावून ती म्हणाली, "त्या मुडदार बिबट्यानं मोरीचा गोऱ्हा नेला नसता तर झाले असते पुरे. त्याचं वाटोळं होवो."

मुखरू खाटेवरून उठला. धोतर सारखं केलं. पुन्हा बसला आणि पुन्हा उठला.

"बिबट्यानं नाई नेला," तो म्हणाला.

"मंग कोणं नेला?" रंभानं विचारलं.

"म्याच नेला. बुधरीच्या घरी."

रंभाचा पदर डोळ्यापाशीच राहिला. मॅडमनी खाली पाहून फीत गुंडाळायला घेतली. पियुषनं मात्र वेळ घालवला नाही. त्यानं मोबाईल काढला, आत्याचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"आत्या, मी पियुष. मोरीचा गोऱ्हा तुह्याकडं हाये का व?"

"हाये ना. हा काय, तणस खाऊन राह्यला. मस्त झाला, आता काठी दाखवली का शिंग उगारते." मग पलीकडून आवाज जरा खाली आला. "दादानं वैनीले सांगितलं का मंग?"

कुंपणापाशी कोणीतरी फस्सकन हसलं. रंभा नवऱ्याकडं पाहत होती. आता काय फुटतं म्हणून मुखरूनं खांदे आवळून घेतले होते.

"पाच महिने," रंभा म्हणाली. "पाच महिने मी त्या बिबट्याले सकाळ-संध्याकाळ शिव्या देल्या. त्या बिचाऱ्यानं माह्यं काय बिघडवलं होतं?" आणि मग तिला स्वतःलाच हसू आवरेना. ती उंबऱ्यावर बसली आणि पोट धरून हसली. हसता हसता रडली, आणि रडता रडता फोनकडं तोंड करून म्हणाली, "बुधरीबाई, बैल मेला तर मले सांगता येत नव्हतं का? मी काय वाघीण हाये?"

"तुह्या भीतीनंच नाई सांगितलं, वैनी," फोनमधून आवाज आला.

मॅडमनी हसू पुसून कागद पुन्हा मांडीवर घेतला. "भाऊ, आता राह्यलं एकच. दोन वर्षांत वासरं किती? तुमच्या तोंडून."

मुखरूनं अंगणात पाहिलं. वासरं उन्हात उभी होती, आयांच्या कासेला ढुशा देत होती. कुंपणाशी अर्धा गाव उभा होता. बापाचा अर्धा झालेला कोठा त्याच्या डोळ्यांपुढं आला. त्यानं एका हातानं मोरीचं शिंग धरलं.

"बारा," तो म्हणाला. आणि एकदा बोललाच आहे तर, म्हणून पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, तीस वर्षांचं पोटात साठवलेलं सगळं त्यात घालून, "नऊ गायी आन् बारा वासरं. दसरूच्या कोठ्यातली."

मॅडमनी लिहिलं, सही घेतली. वळू पौषात येईल म्हणाल्या आणि स्कूटीला किक मारून निघून गेल्या. गावकरी पांगले. मुखरू मात्र तिथंच बसून राहिला. कळप राहिला याचा आनंद त्याला झाला होता, पण धास्ती सुटत नव्हती. बोलून तर बसलो, आता काय होते कोणास ठाऊक. तो एकेका वासराकडं पाहत होता, कोणी खोकतं का, कोणी कान पाडतं का.

पियुषनं त्याच्याकडं पाहिलं. मग तो घरात गेला, चुलीमागचा तवा उलटा केला आणि बुडाची काजळी बोटांनी खरवडून तळहातावर घेतली. अंगणात आला. पहिल्या वासराचं तोंड काखेत धरलं आणि त्याच्या कपाळावर काळा टिक्का लावला. मग दुसऱ्याच्या. काजळीच्या कालवडीनं पुन्हा लाथ मारली, पण त्यानं तिलाही सोडलं नाही. कोठ्यातल्या कालवडीलाही लावला.

मुखरू बघत राहिला. "तू हे मानत नाई ना बे?"

"नाई मानत," पियुष म्हणाला. त्यानं उरलेली काजळी एका पळसाच्या पानात बांधली आणि पान खिशात ठेवलं. मोटरसायकल उंबऱ्यापाशी आणली. "वारलूच्या दोघांले जाता जाता लावतो. रंजीताच्या गावावरून पुढं जाईन. बाबा, आत्याच्या गावाले नाल्यातून गाडी जाते का?"

"जाते," मुखरू म्हणाला. "पण डावीकडून जाजो, उजवीकडं डोह हाये."

रंभा आतून धावत आली. तिच्या हातात तांदळाची पिशवी होती आणि काखेत एक कोरं, काठाचं लुगडं. "थांब," ती म्हणाली, "मीबी येतो." आणि पदर खोचून ती मोटरसायकलवर पोराच्या मागं बसली.